जॅम झाला, हे कळतं कसं?

तत्त्वज्ञानाचा मास्तर जॅमवर काय बोलणार, असं तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय. आधी कृती सांगतो, मग माझी फजिती.

मार्चच्या शेवटाला महाबळेश्वरच्या बाजारात स्ट्रॉबेरी, तुती आणि रासबेरी एकाच वेळी मिळतात. अर्धा किलो स्ट्रॉबेरी, पाव किलो तुती, पाव किलो रासबेरी घ्या. या एक किलो फळांना पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस.

जॅम घट्ट होतो तो तीन गोष्टींच्या मेळातून : पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. पेक्टिन हा फळाच्या पेशींना बांधून ठेवणारा पदार्थ. पुरेशी साखर आणि आम्ल मिळालं की त्याचे धागे एकमेकांत गुंततात, जाळं तयार होतं आणि रस त्यात अडकतो. आता अडचण अशी, की स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी आणि पिकलेल्या तुतीत आंबटपणा कमी. लिंबू त्यासाठीच. शिवाय हिरवी करवंदं मिळाली तर मूठभर घ्या, कपभर पाण्यात उकळा आणि ते पाणी गाळून फळांत घाला. कच्च्या करवंदात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असतात.

फळं आधी नुसती शिजवायची, साखर नंतर. साखर लवकर पडली तर फळ नीट मऊ होत नाही. साखर विरघळली की आच मोठी करायची, भांडं पसरट आणि जाड बुडाचं हवं. पाणी लवकर उडालं पाहिजे, कारण फार वेळ उकळत ठेवलं तर पेक्टिनच तुटतं.

आणि उतरवायचा कधी? इथेच माझी फजिती झाली. पुस्तकात वाचलं होतं, 105 अंश सेल्सिअस. मी महाबळेश्वरला मित्राच्या घरी थर्मामीटर घेऊन उभा. मित्राची बायको म्हणाली, "भावजी, झाला की तो. उतरवा आता." मी म्हटलं, "थांबा वहिनी, अजून 100च आहे." थांबलो. गार झाल्यावर त्यात चमचा उभा राहिला, तो निघेचना!

चूक कुठे झाली? 105 हा आकडा समुद्रसपाटीचा. तिथे पाणी 100 अंशाला उकळतं आणि जॅम त्याच्या चार-पाच अंश वर तयार होतो. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंच, तिथे पाणी 95-96 अंशालाच उकळतं. म्हणजे 100 अंशाला जॅम झालेलाच होता. वहिनी बरोबर होत्या. त्या पाहत होत्या बुडबुडे, आणि फ्रीजमध्ये गार केलेल्या ताटलीवर टाकलेला थेंब. बोटाने ढकलल्यावर थेंबावर सुरकुती पडली, की झाला. ही परीक्षा मुंबईतही चालते आणि महाबळेश्वरातही.

गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1949 साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात ज्ञानाचे हे दोन प्रकार वेगळे केले. आपल्या मराठीत तर ते आधीपासून वेगळेच आहेत, बरं का. 'मला जॅम माहीत आहे' आणि 'मला जॅम येतो'. मला माहीत होता, वहिनींना येत होता.

पण म्हणून पुस्तक फेकून देऊ नका. पुढच्या वर्षी घरात मधुमेह आला म्हणून वहिनींनी साखर निम्मी केली. जॅम पातळ राहिला आणि काही दिवसांत त्यावर बुरशी धरली. हाताला सवय होती जुन्या प्रमाणाची, परिस्थिती बदलल्यावर हात फसला. तयार जॅममध्ये साखरेचं प्रमाण साधारण 65 टक्के असतं, आणि जंतूंना लागणारं पाणी ती साखर धरून ठेवते. साखर कमी केली तर जॅम थोडाच करावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि लवकर संपवावा. हे कारण मला माहीत होतं, पण सांगायला मी तिथे नव्हतो.

म्हणून घरात ज्यांना 'येतं', त्यांच्या शेजारी एकदा उभे राहा. त्या काय बघतात ते बघा, आणि का ते विचारा. त्यांना सांगता आलं नाही, तर कारण आपण शोधायचं. बाटल्या मात्र दहा मिनिटं उकळून घ्या, आणि जॅम गरम असतानाच गरम बाटलीत भरा.