सायकल घरी शिकवा, गाडी क्लासमध्ये

परवा शाळा सुटल्यावर एका विद्यार्थिनीच्या अम्मी भेटायला आल्या. मुलगी सातवीत आहे. मला वाटले, अभ्यासाची काही तक्रार असेल. पण त्या म्हणाल्या, "टीचर, हिला सायकल शिकायची आहे. हिच्या अब्बूंना दुकानातून वेळ नाही आणि मला सायकल येत नाही. कुठे क्लास असेल तर सांगा."

प्रश्न साधा होता, पण मी त्यात माझे लहानपण ऐकले.

तेव्हा मोमिनपुऱ्यात तासाच्या किरायाने सायकल मिळायची. भाईजान मोठ्या माणसांच्या सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, कैची मारत शिकले. मी त्यांच्या चपला सांभाळत कडेला उभी असायचे. मला कोणी मनाई केली नाही. फक्त "आता तू बस" असे कोणी म्हटले नाही. चौतिसाव्या वर्षी रोजच्या ऑटोच्या खर्चाला कंटाळून मी स्कूटी शिकण्यासाठी क्लास लावला. शिकवणाऱ्या बाईंचा पहिला प्रश्न होता, "सायकल येते का?" ज्यांना येत होती त्या आठवड्यात तयार झाल्या. मला नुसता तोल सांभाळायला पंधरा दिवस लागले. जे घरात आठव्या वर्षी फुकट मिळाले असते, ते मी फी भरून घेतले.

म्हणून माझे मत असे झाले आहे की सायकल आईवडिलांनी शिकवावी आणि गाडी मात्र क्लासमध्ये शिकावी, तीही योग्य वय झाल्यावर. आपल्या अनेक घरांत नेमके उलटे चालते. मुलीला सायकलही मिळत नाही आणि मुलाच्या हातात नववीतच स्कूटीची चावी येते.

आधी सायकलचे पाहू. ज्या आईला स्वतःला सायकल येत नाही, तीही मुलीला शिकवू शकते. सायकलीची सुरुवातच मुळी पेडलशिवाय झाली. जर्मनीच्या कार्ल ड्राइस यांनी 1817 साली दोन चाकांचे जे वाहन बनवले, त्याला पेडल नव्हते. बसणारा जमिनीवर पाय मारत पुढे जायचा. पेडल आले त्यानंतर काही दशकांनी. शिकताना हाच क्रम सोपा पडतो. दुकानातून दोन्ही पेडल काढून घ्या. सीट इतकी खाली करा की मुलीचे दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील. मग तिला पायाने ढकलत चालू द्या. हळूहळू पाय उचलून थोडे अंतर घरंगळता येऊ लागले, की तोल आला असे समजा. त्यानंतर पेडल लावा. मागे लावलेल्या दोन छोट्या चाकांनी मूल पडत नाही, पण तोलही शिकत नाही, कारण सायकल कलतच नाही. ब्रेक आधी शिकवा. नजर चाकाकडे नाही तर पुढे ठेवायला सांगा. ज्या बाजूला सायकल कलते त्याच बाजूला हँडल थोडे वळवायचे, हे सांगा. डोक्यावर हेल्मेट असू द्या आणि ओढणी चाकात जाणार नाही अशी बांधा.

जागेची अडचण खरी आहे. मोमिनपुरा, टेका, हसनबाग या दाट वस्त्यांत गल्लीत सायकल शिकवणे कठीण. पण रविवारी सकाळी शाळेचे मैदान रिकामे असते. नागपूरच्या उन्हाळ्यात फजरनंतरचा एक तास पुरेसा आहे.

मग क्लास किंवा बाहेरचा शिक्षक कधी चांगला? जेव्हा घरात ओरडणे सुरू होते तेव्हा. काही वडील तिसऱ्या मिनिटाला "एवढेही जमत नाही?" म्हणतात आणि मूल सायकलला नाही, अब्बूंना घाबरू लागते. अशा वेळी मामू, खाला, शेजारची मोठी मुलगी, कोणीही शांत माणूस चालेल. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर सायकल शिकवली गेली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला पाठबळ दिले. हजारो ग्रामीण स्त्रिया शिकल्या, त्यांत मुस्लिम स्त्रियाही होत्या. आधी शिकलेल्या नव्यांना शिकवत गेल्या.

"मुलीने सायकल चालवणे बरे दिसते का?" असे कोणी विचारले तर मी एका हदीसची आठवण देते. बुखारी शरीफमध्ये आहे की उंटावर स्वार होणाऱ्या स्त्रियांमध्ये कुरैशच्या नेक स्त्रियांना प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी उत्तम म्हटले आणि लेकरांवरील त्यांच्या मायेची तारीफ केली. स्वारी आणि माया एकाच वाक्यात आली आहेत. मुलांना पोहणे, तिरंदाजी व घोडेस्वारी शिकवा, ही ताकीद तर हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने आपल्या घराघरांत सांगितली जाते.

आता गाडीचे. माझ्या वर्गातला नववीचा एक मुलगा मागच्या वर्षी पाय मोडून दोन महिने घरी होता. स्कूटी त्याला वडिलांनीच शिकवली होती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. सायकलवरची चूक गुडघ्यावर निभावते, गाडीवरची निभावत नाही, आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसालाही भोगावी लागते. शिवाय घरी शिकवताना आपण आपल्या वाईट सवयीही शिकवतो: सिग्नल तोडणे, उलट बाजूने येणे, हेल्मेट हातात अडकवणे.

कायदाही स्पष्ट आहे. लायसन्स 18 वर्षांनंतर. 16 व्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळते ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचे, आणि आपल्या घरातल्या स्कूट्या बहुतेक 110 किंवा 125 सीसीच्या असतात. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. वय झाल्यावर आधी शिकाऊ लायसन्स, किमान 30 दिवसांचा सराव, मग चाचणी. हा काळ चांगल्या क्लासमध्ये घालवावा. मुलींसाठी स्त्री शिक्षिका असलेले क्लास नागपुरात आहेत.

त्या अम्मींना मी एवढेच सांगितले की क्लास शोधू नका, रविवारी फजरनंतर शाळेच्या मैदानावर या, मीही येते. त्या आल्या. पहिल्या दिवशी मुलगी चार वेळा पडली आणि आम्ही दोघी दर वेळी धावलो. तिसऱ्या रविवारी ती आमच्या हातातून सुटून फळ्याच्या भिंतीपर्यंत गेली आणि ब्रेक लावून उभी राहिली. परत येईपर्यंत तिच्या अम्मींनी सीटची उंची विचारायला सुरुवात केली होती, स्वतःसाठी.

ज्या घरात सायकल कोपऱ्यात उभी आहे, त्यांनी येत्या रविवारी बिस्मिल्लाह म्हणून ती बाहेर काढावी. आणि स्कूटीची चावी मुलाच्या हाती लागणार नाही अशी उंच ठेवावी.