पक्षाघातानंतरची वाचा आणि जोडीदाराचे साहाय्य

पक्षाघाताच्या झटक्यातून रुग्ण बचावला, म्हणजे घरच्या मंडळींना हायसे वाटते. परंतु पुष्कळदा हातापायांबरोबर वाचाही गेल्याचे ध्यानात येते. पाणी मागावयाचे असते आणि तोंडून भलताच शब्द निघतो, किंवा शब्दच निघत नाही. मग “यांना आता काही समजत नाही” असे गृहीत धरून घरचे व्यवहार त्यांना वगळून होऊ लागतात. हा समज बहुधा चुकीचा असतो.

या विकारास वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांत भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात. म्हणूनच उजवे अंग लुळे पडलेल्या रुग्णांत वाचाघात अधिक आढळतो. डाव्या मेंदूच्या पुढील भागाचा वाणीशी असलेला संबंध फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये दाखविला. तेथे इजा झाल्यास समजते पुष्कळ, पण बोलता येत नाही. मागील भागास इजा झाल्यास बोलणे ओघाने चालते, पण त्यास अर्थ राहत नाही व दुसऱ्याचे बोलणेही नीट कळत नाही. हे जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये मांडले. दोन्ही प्रकारांत बुद्धी नष्ट झालेली नसते.

घरी काय करावे?

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, परंतु त्यानंतरही ती थांबत नाही. वाचोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावाच. तथापि दिवसभर सोबत असतो तो जोडीदार. त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. रेडिओ, दूरदर्शन बंद करून समोर बसावे व लहान वाक्यांत, नेहमीच्या आवाजात बोलावे. ओरडू नये, ऐकू येत नाही हा दोष नव्हे.

२. “काय हवे?” असे विचारण्याऐवजी “चहा की दूध?” असे विचारून दोन्ही वस्तू दाखवाव्यात. “हो” म्हणताना “नाही” अभिप्रेत असू शकते. म्हणून खुणेने खात्री करून घ्यावी.

३. उत्तरासाठी थांबावे. शब्द ओठांवर येत असताना तो आपण पुरवू नये. चुकल्यास हसू नये, रागावू नये.

४. अंक, वार, पाढे, आरती, अभंग ही पाठ असलेली वाणी अनेकदा शाबूत असते. ती रोज सोबत म्हणावी. गाता येते पण बोलता येत नाही, असेही घडते. या अनुभवावर आधारलेली, शब्द सुरात म्हणवून घेण्याची उपचारपद्धती १९७३ मध्ये अमेरिकेत मांडली गेली.

५. सराव थोडा थोडा, दिवसातून अनेकदा घ्यावा. थकवा दिसताच थांबावे.

आपल्या भागांत एक विशेष अडचण येते. घरात मराठी आणि बाजारात कोंकणी, कन्नड, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू बोलणाऱ्या माणसाच्या सर्व भाषा सारख्याच परत येतील असे नाही. जी भाषा आधी येईल ती येऊ द्यावी. “मराठीतच बोला” असा आग्रह नको.

सावधगिरी

गिळताना ठसका लागत असल्यास वैद्यांना विचारल्यावाचून तोंडाने पाणीही देऊ नये. रुग्ण सतत रडत असेल, खाणे टाळत असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे पुन्हा दिसल्यास क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

कार्यालयांसाठी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये वाचाघातामुळे आलेली कायमची वाणी व भाषेची अक्षमता ही दिव्यांगता मानली आहे. तिचे प्रमाणपत्र मिळू शकते. असा रुग्ण निवृत्तिवेतनाच्या वा जमिनीच्या कामासाठी कचेरीत आला, तर केवळ सोबतच्या माणसाशी न बोलता प्रथम त्याच्याशी बोलावे. त्यास वेळ द्यावा आणि खूण, चित्र वा लेखन यांचा आधार घेऊ द्यावा. शिक्षकांनीही मुलांना सांगावे की घरातील न बोलणाऱ्या आजोबा-आजींना हाक मारणे सोडू नये. वाचा परत येण्यास ऐकणारा माणूस समोर असावा लागतो.