राणीच्या बागेतली उर्वशी

काल भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशी फुललेली दिसली. पाय तिथेच थबकले.

झुंबरासारखे खाली लोंबणारे लाल तुरे, मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. कोवळी पालवी तांबूस आणि इतकी मलूल की झाड सुकलंय असंच वाटावं. तीच पानं पुढे हिरवी होऊन ताठ होतात.

हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनियल वॉलिच यांनी १८२७ मध्ये ते ब्रह्मदेशातल्या एका बौद्ध मठाच्या बागेत पाहिलं. जवळच्या गुहांमध्ये बुद्धमूर्तींपुढे हीच फुलं वाहिलेली होती. लेडी ॲमहर्स्ट आणि त्यांच्या मुलीवरून वॉलिचनी नाव ठेवलं, ॲमहर्स्टिया नोबिलिस.

वॉलिच यांच्या तीन खंडांच्या ग्रंथातलं पहिलंच चित्र उर्वशीचं आहे. ते विष्णुप्रसाद या भारतीय चित्रकाराचं. मला ते कुठल्याही फोटोपेक्षा जवळचं वाटतं. फोटोत एक क्षण येतो, चित्रकार मात्र तुऱ्याची ठेवण तासन्‌तास न्याहाळून कागदावर उतरवतो. वॉलिचचं नाव सगळ्यांना ठाऊक, विष्णुप्रसादांचंही असायला हवं.

तुमच्या भागात उर्वशी आहे का? फोटो टाका, काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.