जुन्या मोटारीचे बुश : निवड आणि बसवणूक

शेतकरी बंधूंच्या दारात ट्रॅक्टरबरोबर एखादी जुनी चारचाकी उभी असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली व ओम्नीचे २०१९ साली बंद झाले, तरी या गाड्या अजून पाणंद रस्त्याने दुधाचे कॅन आणि खताची पोती वाहताना दिसतात. रात्री-अपरात्री दवाखाना गाठण्यासाठीही त्याच उपयोगी पडतात. गाडीचे इंजिन कसे वाजते याकडे मालकाचे बारीक लक्ष असते. चाकांच्या जोडणीत बसविलेल्या रबरी बुशकडे मात्र टायर खराब झाल्याशिवाय कोणी पाहत नाही. मी कृषिविद्या शिकवणारा माणूस, यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. परंतु या विषयात पदरचे पैसे घालवून थोडे शिकलो आहे.

बुशचे कार्य

चाकाला धरणारा लोअर आर्म किंवा मागचे पाटे गाडीच्या सांगाड्याला जेथे जोडलेले असतात, तेथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये बुश असतो. आपल्या गुडघ्यात कूर्चा असते तसाच हा प्रकार आहे. बहुतेक आर्मच्या बुशमध्ये दोन लोखंडी नळ्या असून त्यांच्यामध्ये रबर पक्के चिकटविलेले असते. आर्म वर-खाली होतो तेव्हा आतली नळी बोल्टभोवती फिरत नाही. ती घट्ट आवळलेली असते आणि रबरच पीळ खाऊन पुन्हा सरळ होते. ही एक बाब लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

मारुती ८०० मध्ये पुढच्या चाकाला मागे-पुढे सरकू न देण्याचे काम स्टॅबिलायझर बार करतो. त्यामुळे या बारचे बुश सैल झाले की ब्रेक दाबताच चाक मागे सरकते व गाडी एका बाजूला ओढली जाते. खड्ड्यात किंवा गाडी मागे घेताना ‘टक्’ असा आवाज येणे, स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी भरकटणे आणि टायर एकाच कडेने झिजणे ही बुश गेल्याची लक्षणे समजावीत. शंका असल्यास गाडी खड्ड्यावर घेऊन आर्मखाली टॉमी लावावी व हलकेच उचलून पाहावे. रबरावरील वरवरच्या बारीक भेगांना घाबरण्याचे कारण नाही. मात्र रबर नळीपासून सुटले असेल किंवा आतली नळी मध्यावरून एका बाजूला सरकली असेल, तर बुश बदलावाच लागतो.

कोणता बुश घ्यावा?

दुकानात साधारणतः तीन प्रकार मिळतात : रबर, पॉलियुरेथेन आणि नायलॉन. रबराची कठीणता शोअर-ए या मापाने मोजतात. आकडा जितका मोठा तितका पदार्थ कठीण. गाडीसोबत आलेले रबरी बुश बहुधा ५० ते ७० च्या दरम्यान असतात, तर पॉलियुरेथेनचे ७० ते ९५ पर्यंत मिळतात. ‘कठीण ते टिकाऊ’ असे दुकानदार सांगतो. ते अर्धेच खरे आहे. पॉलियुरेथेन तेलाला दाद देत नाही व लवकर झिजत नाही, पण रस्त्याचा जो धक्का रबर स्वतः पचवते तो हे पुढे ढकलते. जुन्या गाडीचा पत्रा गंजून पातळ झालेला असेल, तर तो धक्का बोल्टच्या भोकाभोवतालच्या पत्र्यालाच बसतो. शिवाय हा बुश नळीवर फिरतो, म्हणून त्याला वेळोवेळी सिलिकॉन ग्रीस लागते. नाहीतर तो कुरकुरतो. पॉलियुरेथेनमध्येही पॉलिएस्टर जातीचा माल दमट हवेत व पाण्यात हळूहळू विरतो. कोकणातील शेतकऱ्यांनी पॉलिइथर जातीचाच मागावा. दुकानदाराला जात सांगता येत नसेल, तर रबर घेतलेले बरे.

नायलॉनचे बुश स्वस्त असतात. परंतु नायलॉन पाणी शोषून किंचित फुगते, धक्का मुळीच पचवत नाही आणि आतील पिन घासते. रोजच्या वापराच्या गाडीला तो बसवू नये, असे माझे मत आहे.

माझी शिफारस अशी की, लोअर आर्मला व पाट्यांना चांगल्या प्रतीचे रबरी बुश घालावेत. स्टॅबिलायझर बारच्या क्लॅम्पखाली मध्यम कठीण, म्हणजे ८० च्या आसपासचे पॉलियुरेथेन चालू शकेल. बारच्या टोकाच्या बुशला मात्र अनेक दिशांनी वाकावे लागते, तेथे अति कठीण माल नको.

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो, तसेच येथेही करावे. वेष्टनावर भाग क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि छापील किंमत असावी. रबर नुसते पडून राहिले तरी वयाने कडक होते. नखाने दाबल्यावर रबर दबून परत यावे. हाताला काळे लागत असेल किंवा कडेला रबर नळीपासून सुटलेले दिसत असेल, तर तो माल परत करावा. जुना बुश सोबत नेऊन बाहेरचा व आतला व्यास आणि लांबी व्हर्नियरने जुळवून घ्यावी.

चांगला बुश चार महिन्यांत का जातो?

माझ्या ८०० चे आर्मचे बुश मी एका गॅरेजमध्ये बदलून घेतले. चार महिन्यांतच ते फाटले. मी दुकानदाराला दोष दिला, दुसरा महाग संच आणला, तोही तसाच गेला. पुढे श्रावणातील भुरभुर पावसात, वडील शेजारी बसलेले असताना, ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे ओढली गेली आणि समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. त्या दिवशी वडील काही बोलले नाहीत, पण नंतर महिनाभर ते एस.टी.नेच गावी गेले.

चूक मालाची नव्हती, आवळण्याची होती. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबते व आर्म खाली झुकतो. त्याच स्थितीत मिस्त्रीने बोल्ट आवळला होता. गाडी जमिनीवर आल्यावर आर्म वर गेला आणि रबराला कायमचा पीळ बसला. उभ्या गाडीतसुद्धा ते रबर ताणलेलेच होते, मग खड्ड्यात फाटणार नाही तर काय? म्हणून रबरी बुशचे बोल्ट जॅकवर फक्त हाताने लावावेत, गाडी चारही चाकांवर उभी करावी, दोन-तीन वेळा दाबून हलवावी आणि मगच आवळावेत. हे काम खड्ड्यावर किंवा रॅम्पवर सहज होते. पाट्याच्या शॅकलचे बोल्टही असेच आवळावेत. आपण जवळ उभे राहून हे करून घ्यावे.

जुना बुश जाळून काढू देऊ नये आणि नवा हातोड्याने ठोकू नये. नळी वाकडी झाली की रबराचा चिकटा सुटतो. जवळच्या लेथवाल्याकडील प्रेसवर दाबून घ्यावा. बसविताना साबणाचे पाणी लावावे, ग्रीस नव्हे. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळी सोडलेली असते व बाजूला खूण असते. जुन्याची दिशा आधी आर्मवर खडूने नोंदवून ठेवावी.

आणखी एक वाईट सवय म्हणजे धुलाईनंतर गाडीच्या खाली डिझेल किंवा जळके ऑईल फवारणे. पाट्यांचा आवाज दोन दिवस थांबतो खरा, परंतु खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते व नंतर गळून जाते. धुलाई केंद्रावर ‘खाली डिझेल नको’ असे स्पष्ट सांगावे. फवारणीचा पंप, द्रावण किंवा युरियाची पोती नेल्यावर खालचा भाग साध्या पाण्याने धुवावा, म्हणजे बोल्ट व नळ्या गंजून जाम होणार नाहीत.

बुश नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि साधारण ५०० किलोमीटर गाडी चालल्यावर, ती चाकांवर उभी असतानाच, सर्व नट एकदा पान्याने तपासावेत.