बत्तिशीचं क्लिअरन्स

सकाळी ७. मिहानमधल्या विमान-दुरुस्ती हँगरमधली रात्रपाळी संपली. टूल्स मोजून परत केली. एक पाना कमी भरला तरी विमान सुटत नाही आणि आपणही सुटत नाही. बाहेर पडताना सोबत्यानं विचारलं, "काऊन भाऊ, कुवेतले विमानं दुरुस्त कराले चालला का दात दाखवाले?" म्हटलं, आधी दात, मग विमान.

काम अमेरिकी लष्करी तळावरच्या देखभाल कंत्राटाचं. आखाती देशांच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये सगळा भर छातीच्या एक्स-रेवर आणि रक्तावर असतो, त्यामुळे दातांचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. इथं मात्र डीडी २८१३ नावाचा वेगळा फॉर्म आहे. डेंटिस्टनं दातांची अवस्था लिहून सही करायची. वर्ग एक किंवा दोन असेल तर जा. तीन म्हणजे बारा महिन्यांत दात इमर्जन्सी उभी करील अशी शक्यता. तो माणूस घरीच बरा.

८.१५. खापरीहून मेट्रो, अजनी चौकात उतरून ऑटोनं मेडिकल कॉलेज. आज तर्री न घालता नुसते पोहे, वर चार चुळा.

९.३०. शासकीय दंत महाविद्यालय. केसपेपर, रांग, बाक. शेजारी विशीतला मुलगा. इंटर्न मॅडमनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, त्याची दोन कशीबशी गेली. खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात. गुटखाबंदी २०१२ साली झाली, पण आमच्या टपऱ्यांवरची घोटाई काही थांबली नाही. सुपारीनं गालाच्या आतला पदर कडक होत जातो, तोंड उघडेनासं होतं आणि पुढं कॅन्सरचा धोका वाढतो. आकडलेला गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही. परदेशाचं सोडा, त्या पोराला धड जांभई देता येत नव्हती.

११. ओपीजी झाला. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका फिल्मवर येतात. माझी खालची उजवी अक्कलदाढ आडवी, तिच्या पुढच्या दाढेत कीड. मॅडमनी निवाडा दिला, "तीन." दुखत तर काहीच नाही, असं मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "दुखायला लागल्यावर तिथं कुठे जाल?"

हे मला लगेच पटलं, कारण आमची एमईएल, म्हणजे कुठला दोष असताना विमान उडू शकतं याची यादी, तीसुद्धा असंच वागते. 'क' वर्गातला दोष दहा दिवस पुढे ढकलता येतो, काही दोषांना मात्र ढकलणंच नाही. वर्ग दोन म्हणजे पुढे ढकललेला दोष, वर्ग तीन म्हणजे विमान जमिनीवर. वाळवंटातल्या तळावर दाढ सुजली, तर एक माणूस कामावरून जातो, त्याला हलवायला वाहन लागतं, कधी विमानही. शिवाय केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवतात. अर्धवट भरलेल्या दाताखाली हवा अडकली असेल तर ती फुगते आणि ठणका लागतो.

१२.३०. कीड फार खोल नव्हती, रूट कॅनॉल टळलं. कोरून फिलिंग झालं. ओठ बधिर, 'प' उच्चारता येईना. अक्कलदाढ साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी काढायची ठरली. काढल्यावर चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही. ग्रीसच्या हातांनी कापसाचा बोळा चाचपत हँगरमध्ये उभं राहणं मला जमणारं नाही. फॉर्मवर सही त्यानंतरच.

२ ते ८. झोप.

९.३०. पुन्हा गेटवर. पाळीतली दोन पोरं फॉर्म बघायला मागत होती. त्यांना सांगितलं तेच इथं लिहितो: लायसन्स, पासपोर्ट तयार करता तेव्हाच ओपीजी काढून घ्या. ऑफर आल्यावर हातात फार थोडे दिवस उरतात, आणि काढलेल्या दाढेची जखम भरायला तिचा वेळ लागतोच. खिशात खर्रा असेल तर तो आधी टाका. ओपीजी नंतर काढला तरी चालेल.