मोहरीचा दाणा, ४० किलोमीटरचा दोरा

मिसळणाच्या डब्यातला मोहरीचा एक दाणा तळहातावर घ्या. साधारण २ मिलिमीटरचा. औषध पेशीत नेणारा लिपिड नॅनोकण म्हणजे चरबीची इवलीशी गोळी, १०० नॅनोमीटरच्या आसपासची. ती या दाण्याएवढी करायची तर २० हजार पट फुगवावी लागते. मग सगळंच त्या पटीत फुगवू. तांबडी रक्तपेशी फुलक्याएवढी होते, यकृताची पेशी अर्ध्या मीटरचा हंडा आणि डोक्यावरचा केस वडाच्या बुंध्याएवढा. हंड्यात नारळाएवढं केंद्रक, आणि त्या नारळात कोंबलेला डीएनएचा दोरा: जाडीला केसासारखा (खऱ्या केसासारखा, वडाच्या नव्हे), लांबीला ४० किलोमीटर. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ते अंतर ३४ किलोमीटर होतं.

या दोऱ्यावर ६०० कोटींहून जास्त अक्षरं असतात. त्यातलं एक दुरुस्त करायचं होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या एका बाळाची ही गोष्ट. प्रथिनं पचताना अमोनिया तयार होतो; यकृतात त्याचा युरिया करण्याची पहिली पायरी सीपीएस-१ हे एन्झाइम सांभाळतं. ही १,५०० मण्यांची माळ. बाळाला वडिलांकडून आलेल्या प्रतीत ३३५व्या मण्याच्या जागी ‘थांबा’ असं लिहिलेलं होतं, आणि आईकडून आलेली प्रतही बिघडलेली. अशा वेळी अमोनिया थेट मेंदूवर जातो. तेरा लाखांत एखाद्या बाळाला हा आजार होतो आणि त्यातली निम्मी तान्हेपणीच दगावतात.

फिलाडेल्फियात डॉ. रिबेका आरेन्स-निक्लस आणि डॉ. किरण मुसुनुरू यांच्या चमूनं सहा महिन्यांत फक्त या एका मुलासाठी औषध बनवलं. चरबीच्या गोळ्यांत आयतं एन्झाइम भरलं नव्हतं. भरली होती अक्षर बदलणारं एन्झाइम बनवण्याची कृती, म्हणजे मेसेंजर आरएनए, आणि सोबत २० अक्षरांचा पत्ता. रांधायचं पेशीनंच.

फेब्रुवारी २०२५ मधला पहिला डोस होता वजनाच्या किलोमागे एक दशांश मिलिग्रॅम आरएनए. किलोमागे मिठाचे दोन दाणे, एवढाच. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलो तर माझाच विश्वास बसेना. कृती सुमारे ५ हजार अक्षरांची. डोसातलं निम्मं वजन तिचं धरलं, तर किलोमागे जवळपास २० लाख कोटी प्रती भरतात. ‘लाख कोटी’ हा शब्द आपल्याला अर्थसंकल्पाच्या दिवशी ऐकून माहीत.

शरीराच्या किलोमागे यकृताच्या पेशी ढोबळमानानं ४०० कोटी. म्हणजे एकेका हंड्याच्या वाट्याला पाच हजार प्रती! उधळपट्टीच वाटेल. पण दारातलं चित्र वेगळं आहे. रक्तात शिरताच या गोळ्यांवर एपीओ-ई नावाचं प्रथिन चिकटतं, यकृत त्यांना कोलेस्टेरॉल समजून आत घेतं. फसवणूक इथवर बिनबोभाट. आत मात्र त्या एका पिशवीत अडकतात, आणि पिशवी आंबट होत जाते. तिथली आम्लता लागली की गोळीतल्या खास चरबीवर धन भार येतो आणि ती पिशवीची भिंत फोडू पाहते. बहुतेक वेळा जमत नाही; पेशी आतला माल सरळ पचवून टाकते. अशाच कणांतून पाठवलेल्या छोट्या आरएनएची ड्रेस्डेनमध्ये मोजदाद झाली होती, २०१३ साली: सुटून बाहेर पडला तो शंभरातला एक किंवा दोन.

तोच हिशेब इथं लावला तर पाच हजारांतल्या पन्नास ते शंभर प्रती उरतात. बाकीच्या पचल्या. उरलेल्यांवरून पेशी एन्झाइम बनवणार, ते नारळात शिरणार, ४० किलोमीटरच्या दोऱ्यावर २० अक्षरांचा पत्ता हुडकणार आणि एक अक्षर बदलणार. काही दिवसांत कृतीही विरघळते आणि ते एन्झाइमही. राहतं ते अक्षर.

मार्च आणि एप्रिलमध्ये आणखी दोन डोस दिले, आधीच्या तिप्पट. किती हंड्यांतलं अक्षर बदललं, हे कोणी मोजलं नाही; त्यासाठी यकृताचा तुकडा काढावा लागला असता, आणि एवढ्याशा बाळाला तो धोका द्यायला डॉक्टर तयार नव्हते. त्यांनी दुसरंच मोजलं. त्याच्या दुधात प्रथिनं थोडी वाढवली, अमोनियावरचं औषध निम्मं केलं, आणि बाळानं ते पचवलं.