आकाशातला हाका

रामायणातील श्रावणवधाची कथा आपल्या घरांतून लहानपणीच मुलांच्या कानी पडते. दशरथाचा अपराध कोणता, असे विचारले तर आंधळ्या मातापित्यांचा एकुलता आधार हिरावून घेतला हाच, असे उत्तर सहज मिळेल. ते खरेच आहे. परंतु त्या कथेत आणखी एक दोष सूचित झाला आहे. राजाने बाण सोडला तो रात्रीच्या अंधारात, पाणवठ्यावर आणि लक्ष्य डोळ्यांनी न पाहता, केवळ आवाजाच्या रोखाने. शब्दवेधाची विद्या मोठी खरी. पण त्या विद्येच्या भरवशावर पारध्याने स्वतःस घालून घ्यावयाची मर्यादा त्याने ओलांडली. महाभारतातील पंडुराजाच्या कथेचे मर्मही असेच आहे. मृगरूप धारण केलेला किंदम ऋषी मृगयेला मुळातच पाप म्हणत नाही. मृगीसह रममाण असलेल्या प्राण्यावर, क्षणभरही न थांबता बाण टाकला, या अविवेकाबद्दल तो शाप देतो. म्हणजे मारावे की न मारावे या प्रश्नाइतकाच, कसे मारावे आणि केव्हा हात आवरावा, हा प्रश्नही आपल्या पूर्वजांना महत्त्वाचा वाटत होता.

या जुन्या प्रश्नाला आज नवे निमित्त मिळाले आहे ते ड्रोनचे. लग्नाच्या वरातीवर घिरट्या घालणारे हे यंत्र आता आपल्या गावोगावी परिचयाचे झाले आहे. सोयाबीनवर औषध फवारणारे ड्रोनही शेतांवर फिरू लागले आहेत. त्याला उष्णता टिपणारा कॅमेरा जोडला, की काळोख्या रात्री झुडपाआड बसलेले जनावर पडद्यावर उजळ ठिपक्यासारखे दिसते. पूर्वी जे काम माग काढणारा वाटाड्या, मचाणावरची रात्र आणि पन्नास माणसांचा हाका मिळून करीत, ते एका माणसाच्या हाती आले. अशा वेळी कायदा काय सांगतो आणि विवेक काय सांगतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

आपल्या देशातील वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्या काळी परवाना घेऊन शिकार करण्याची मुभा होती. परंतु त्या मुभेभोवती कायद्याच्या सतराव्या कलमाने कुंपण घातले होते. वाहनातून वा विमानातून शिकार करू नये. जनावरे हाकण्यासाठी वा उधळून लावण्यासाठी विमान, मोटार किंवा लाँच वापरू नये. विशेष अनुज्ञेवाचून कृत्रिम प्रकाश वापरू नये किंवा सूर्यास्तानंतर शिकार करू नये. शिकारीसाठी रान पेटवू नये. पाणवठ्यावर व त्याकडे जाणाऱ्या वाटेवर, काही पक्ष्यांचा अपवाद सोडता, जनावर टिपू नये. ही कलमे वाचताना श्रावणवधाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सगळ्या अटींचा गाभा एकच आहे : जनावराला निसटण्याची संधी असली पाहिजे.

1991 साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि हौशी शिकार सर्वस्वी बंद झाली. शिकारच नाही, तर शिकारीच्या रीतीचे नियम कशाला, या तर्काने सतरावे कलमही गेले. निर्णय योग्यच होता. मात्र त्याबरोबर आकाशातून जनावर हाकू नये, हा स्पष्ट शब्दांतला निर्बंधही कायद्याच्या पुस्तकातून नाहीसा झाला.

तरीही ड्रोनला रान मोकळे आहे, असे कोणी समजू नये. कायद्याने ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक केली आहे. केवळ ठार मारणे म्हणजे शिकार नव्हे. वन्य प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे, आमिष दाखविणे, सापळ्यात धरणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे शिकारच ठरते. पक्ष्यांच्या बाबतीत तर त्यांची अंडी वा घरटी विचलित करणे हेदेखील त्याच व्याख्येत बसते. चित्रफितीसाठी ड्रोन खाली आणून काळविटांचा कळप पळविणाऱ्या तरुणाला आपण शिकारी आहोत असे स्वप्नातही वाटत नसेल. कायदा मात्र त्याला त्या नावाने ओळखू शकतो. अनुसूची 1 मधील प्राण्यांच्या किंवा अभयारण्यातील शिकारीस 2022 च्या दुरुस्तीनंतर तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान 25 हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे. अभयारण्यात छायाचित्रणाकरिताही परवाना लागतो.

याउलट, 2021 च्या ऑगस्टमध्ये लागू झालेले ड्रोन नियम मुख्यतः विमानवाहतुकीच्या आणि माणसांच्या सुरक्षिततेचा विचार करतात. लाल, पिवळा व हिरवा असे आकाशाचे विभाग, 250 ग्रॅमपर्यंतच्या अतिलहान यंत्रांना आणि दोन किलोपर्यंतच्या यंत्रांच्या बिगरव्यापारी वापराला चालकपरवान्यातून सूट, हिरव्या विभागात 400 फुटांपर्यंत मुभा, अशी त्यांची रचना आहे. आकाश हिरवे असले म्हणजे खालचे रानही आपलेच झाले, हा समज येथूनच निर्माण होतो. वरच्या हवेचा कायदा एक आणि खालच्या जिवांचा दुसरा, हे ध्यानात ठेवावयास हवे.

आपल्या धार जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. सरदारपूरचे अभयारण्य 1983 साली घोषित झाले ते वाघासाठी नव्हे, तर खरमोर या लहानशा पक्ष्यासाठी. मराठीत त्यालाच तणमोर म्हणतात. पावसाळ्यात तो माळावर येतो. नर गवतातून वारंवार उंच उड्या घेऊन मादीला साद घालतो आणि मादी जमिनीवरच अंडी घालते. आज हा पक्षी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याला आकाशातून येणारी प्रत्येक सावली शत्रूचीच. 2021 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात बोल्सा चिका येथील किनाऱ्यावर एक ड्रोन कोसळला, तेव्हा भ्यालेल्या सुरय पक्ष्यांची वसाहतच उडून गेली आणि दीड-दोन हजार अंडी उघड्यावर टाकली गेली. तेथे पक्षी हजारोंनी होते. आपल्या माळावर एक घरटे सुटले तरी नुकसान भरून येणारे नाही.

कित्येकदा तर भीती दिसतही नाही. 2015 साली मिनेसोटातील संशोधकांनी रानातील काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे बसवून वरून ड्रोन उडविले. बहुतेक अस्वले जागची हालली नाहीत; पण एकीचे ठोके मिनिटाला 41 वरून 162 पर्यंत गेले. ‘जनावर शांत उभे होते, त्याला काही त्रास झाला नाही’ हे आपले म्हणणे किती वरवरचे असते, ते यावरून कळते.

तेव्हा ड्रोन रानात नेऊच नये काय? असा एकांतिक निर्णय देता येणार नाही. काझीरंग्यात गेंड्यांच्या चोरट्या शिकाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी 2013 साली ड्रोनचा प्रयोग झाला. 2024 साली उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लहान मुलांवर हल्ले करणारे लांडगे शोधण्यास उष्णता टिपणारे ड्रोन उपयोगी पडले. 2025 च्या ऑक्टोबरात आपल्या देवासशेजारच्या शाजापूर जिल्ह्यात तर प्रत्यक्ष हेलिकॉप्टरने हाका झाला. पिकांची नासाडी करणारी शेकडो काळविटे व नीलगायी नरसाळ्याच्या आकाराच्या कुंपणात वळविण्यात आल्या आणि दूरच्या संरक्षित वनांत सोडण्यात आल्या. साधन आकाशातलेच; पण हेतू जीव वाचविण्याचा, परवानगी शासनाची आणि देखरेख जाणकारांची. साधन दोषी नसते, त्याला लगाम नसणे दोषाचे असते.

लगाम सैल झाल्यावर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राने 2018 साली पाहिले. यवतमाळ जिल्ह्यातील अवनी वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका होता. गावकऱ्यांचे भय खरे होते. त्यांच्या दुःखाकडे शहरातून तुच्छतेने पाहणे अन्यायाचे ठरेल. प्रथम बेशुद्ध करून पकडावे, ते न साधल्यास मारावे, असा आदेश होता. कॅमेरे, हत्ती, कुत्री, ड्रोन सारे काही रानात उतरले. शेवटी 2 नोव्हेंबरच्या रात्री खासगी शिकाऱ्याच्या गोळीने ती मेली आणि तिचे दोन बछडे पोरके झाले. पुढे झालेल्या चौकशीत नियमभंगाचे ताशेरे ओढले गेले. साधनांची त्या मोहिमेत वाण नव्हती. वाण होती ती संयमाची.

आमच्या निसरपुर-कुक्षीच्या भागातील शेतकऱ्यालाही रात्रभर जागून पीक राखण्याचे दुःख ठाऊक आहे. रानडुक्कर व नीलगाय यांच्या उपद्रवासाठी कायद्यात परवान्याची तरतूद आहे आणि ती असावी. परंतु असा परवाना देताना 1972 च्या त्या जुन्या मर्यादा त्यात स्पष्ट लिहाव्यात, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते : रात्री नको, पाणवठ्यावर नको, आकाशातून हाकणे नको. नियमांच्या भाषेत ड्रोन हे चालकविरहित विमानच आहे. जी गोष्ट विमानाला निषिद्ध होती, ती त्याच्या या धाकट्या भावंडालाही असावी. जेथे शिकार आजही कायदेशीर आहे, त्या अमेरिकेतील अलास्का व कॉलोराडो या राज्यांनी 2014 सालीच शिकारीच्या कामी ड्रोन वापरण्यास मनाई केली. शिकाऱ्यांच्याच देशात जनावराची संधी राखली जाते, तर अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या आपण मागे का राहावे?

आपल्या मराठी घरांतील मुले आता वाढदिवसाला ड्रोन मागतात. ते द्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न. दिले तर सोबत चार गोष्टी अवश्य सांगाव्यात. अभयारण्यात परवान्याविना ते उडवू नये. पावसाळ्यात माळरानावर आणि विणीच्या दिवसांत घरट्यांजवळ नेऊ नये. जनावराने मान वर केली, की यंत्र मागे घ्यावे. आणि कोठे कोणते जनावर दिसले, याचा गाजावाजा करू नये. कारण आपल्या कौतुकाच्या चित्रावरून चोरटा शिकारी ठिकाण शोधून काढतो.

दूरचे पाहण्याची आणि अंधारात पाहण्याची शक्ती माणसाला आता स्वस्तात मिळाली आहे. दशरथाजवळही विद्येची उणीव नव्हती; उणीव होती ती बाण सोडण्यापूर्वीच्या एका क्षणाच्या विचाराची. तो क्षण कोणत्याही यंत्रासोबत विकत मिळत नाही. तो घरातूनच द्यावा लागतो.